खार्टूम नक्की कोणी वसवलं?

सिंहगडरोडवाला
परवा भाच्याच्या पासिंग आउट परेडसाठी खडकवासल्याला एनडीएत जाणं झालं. परेड, 'अंतिम पग', ताईचं रडणं, सगळं यथासांग पार पडलं. मग फोटोंसाठी सुदान ब्लॉक. लाल दगड, कमानी, वर घुमट. भाच्याला विचारलं, 'सुदान का रे?' त्याने बाराखडी म्हणावी तसं घडाघडा सांगितलं: दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बचावासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले, फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले, ते या इमारतीला लागले, १९५९ मध्ये उद्घाटन. 'मामा, हे चुकलं तर सीनियर पळायला लावतात,' हेही सांगितलं.

घरी येऊन नकाशा उघडला आणि तिथेच अडकलो. दोन नाईल एकत्र येतात तिथे एक नाही, तीन शहरं: खार्टूम, ओमदुर्मान आणि बाहरी. वाचायला गेलो तर एक जण म्हणतो शहर इजिप्शियनांनी वसवलं, दुसरा म्हणतो ब्रिटिशांनी, तिसरा म्हणतो खरं शहर ओमदुर्मान, खार्टूम नुसतं कचेऱ्यांचं गाव. तर जाणकारांनी सांगावं, हे शहर नक्की कोणी वसवलं? तिथे कोणी राहून आलंय का?

कट्टेकरी
पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). जागा पकडून ठेवतो.

इतिहासाचा_किडा
उत्तर सोपं आहे, पटवून देणं अवघड. १८२१ मध्ये इजिप्तच्या मुहम्मद अलीच्या फौजा सुदानात उतरल्या. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या, सोनं आणि गुलाम. सोनं फारसं मिळालं नाही. फौजेचा सेनापती म्हणजे मुहम्मद अलीचा मुलगा इस्माईल. त्याने शेंडीच्या सरदाराकडे अवाच्या सवा खंडणी मागितली आणि वर अपमान केला. सरदाराने १८२२ मध्ये त्याला रात्री राहत्या जागी जाळून मारलं. (शेंडी हे नाईलकाठच्या गावाचं नाव आहे, हसू नका.) त्यानंतर जो सूड उगवला गेला त्यात गावंच्या गावं बेचिराख झाली.

खार्टूमला आधी छावणी पडली. इजिप्तचा सुभेदार खुर्शिद पाशा १८२६ ते १८३८ इथे होता, त्याच्या काळात गवती झोपड्या जाऊन विटांची घरं, मशीद, गोदी आली आणि छावणीची राजधानी झाली. खार्टूम म्हणजे अरबीत सोंड. दोन नद्यांमधल्या जमिनीचं निमुळतं टोक हत्तीच्या सोंडेसारखं दिसतं म्हणून हे नाव, ही सर्वात प्रसिद्ध व्युत्पत्ती. ती सगळ्यांना मान्य नाही, दिन्का भाषेतूनही एक लावतात.

१८४० नंतर इथून पांढऱ्या नाईलने वर दक्षिणेकडे बोटी जायला लागल्या. जाताना मणी आणि बंदुका, येताना हस्तिदंत आणि माणसं. शहराची भरभराट कशावर झाली हे विसरून 'कोणी वसवलं' याचं श्रेय वाटत बसू नये, इतकंच.

तिरकस
सोंड हत्तीची, पोट मात्र पाशाचं.

वाळवंटी
२००६ ते २०१० मी तिथे नोकरीला होतो. तेलाच्या पैशाचा काळ. किडाभाऊंनी इतिहास सांगितला, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

संगमाला तिथे मोगरन म्हणतात. पहिल्या शुक्रवारी ऑफिसातल्या एका ओमदुर्मानच्या मित्राने पुलावर नेलं आणि 'आता खाली बघ' म्हणाला. एकाच पात्रात दोन पाणी. निळी नाईल इथिओपियाच्या ताना सरोवराकडून येते, पांढरी व्हिक्टोरिया सरोवराकडून, मधल्या अफाट दलदलीत रेंगाळत. पांढरीचा रंग भांडी विसळलेल्या पाण्यासारखा. निळी हिवाळ्यात खरोखर निळसर, पण जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरातली माती घेऊन येते तेव्हा पार तपकिरी. मिळाल्यावरही दोघी बराच वेळ अंतर राखून चालतात, मधली रेघ वरून स्पष्ट दिसते. पुराच्या दिवसांत निळीचा रेटा एवढा असतो की पांढरीचं पाणी मागे तुंबतं.

न्याहारीला 'फूल', म्हणजे उकडलेल्या बाकल्याच्या बिया. भांड्यात घ्यायच्या आणि सोड्याच्या रिकाम्या काचेच्या बाटलीच्या बुडाने ठेचायच्या. त्यासाठी वेगळं हत्यार नाहीच, बाटलीच. वरून तिळाचं तेल, कांदा, चीज, आणि चारपाच जणांनी एकाच ताटलीत पाव बुडवायचा. रस्त्याच्या कडेला झाडाखाली बुटक्या स्टुलांचा गोल आणि मध्ये चहावाली बाई. चहात लवंग, दालचिनी, आणि साखर इतकी की आपला अमृततुल्यवाला लाजेल.

आणि हो, तिथली रिक्षा आपलीच. बजाजची. अरबीत तिला 'रक्शा' म्हणतात. पहिल्या दिवशी नाक्यावर ती दिसली तेव्हा मीटरने येणार का विचारायचं तोंडावर आलं होतं.

तिरकस
पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर दोन रंग दिसत नाहीत. एकच दिसतो, तो कुठला ते सांगत नाही.

भाकरतुकडा
वाळवंटीकाका, तिथे ज्वारीचं काहीतरी करतात ना? पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर सुदानी विद्यार्थी राहायचे. एकदा आजीने त्यांना भाकरी पाठवली तर मुलगा ताट परत द्यायला आला तो डोळे पुसतच. म्हणाला, आई आठवली. आजीला वाटलं तिखट लागलं.

वाळवंटी
@भाकरतुकडा, किस्रा. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवायचं, तापलेल्या तव्यावर पळीभर ओतायचं आणि पातळ पसरायचं. कागदासारखी लुसलुशीत पोळी होते. आंबूस लागते, आपल्या भाकरीपेक्षा आंबोळीच्या जवळची, पण वास ज्वारीचाच. ज्वारीला तिथे 'दुरा' म्हणतात. आजीचा अंदाज चुकला, पाहुणचार नाही.

जुना_सिव्हिल
किडाभाऊ, माफ करा, पण तुमचं १८२१ चं खार्टूम आज कुठे आहे? त्यातलं एक घर दाखवा. आजचं शहर ब्रिटिश सेनापती किचनेरचं आहे. १८९८ मध्ये त्याने घेतलं तेव्हा तिथे ढिगारे होते. त्याने रुंद रस्ते आखले, नदीकाठी झाडं लावली, ब्रिटिश जनरल गॉर्डनच्या राजवाड्याच्या जागी नवा राजवाडा बांधला. ३१ डिसेंबर १८९९ ला रेल्वे पलीकडच्या तीरावर पोचली आणि दहाएक वर्षांत निळ्या नाईलवर रेल्वेचा पूल झाला. रस्त्यांची आखणी युनियन जॅकसारखी, हे तर जगप्रसिद्ध. ज्याने आखलं त्याने वसवलं.

इतिहासाचा_किडा
जुना_सिव्हिल, ढिगारे कसे झाले ते कोण सांगणार? आणि युनियन जॅकची गोष्ट निम्मी गाईडांची आहे. कर्णासारखे तिरके रस्ते आहेत हे खरं. पण चौकात एक मशीनगन ठेवली की सगळ्या बाजूंचे रस्ते माऱ्यात येतात, हेही कारण तितक्याच वेळा सांगितलं जातं. प्रेमाने झेंडा काढला की भीतीने, ज्याने त्याने ठरवावं.

आता ढिगाऱ्यांबद्दल. १८८१ मध्ये पांढऱ्या नाईलमधल्या आबा बेटावर मुहम्मद अहमदने स्वतःला महदी, म्हणजे येणार येणार म्हणतात तो तारणहार, जाहीर केलं. कर आणि जुलमाला कंटाळलेले लोक त्याच्यामागे उभे राहिले. लंडनने गॉर्डनला जानेवारी १८८४ मध्ये पाठवलं ते इजिप्शियन फौज आणि माणसं बाहेर काढायला. हा गृहस्थ तिथेच पाय रोवून बसला. मार्चपासून वेढा.

गॉर्डनची तटबंदी म्हणजे दोन नद्यांमधल्या जमिनीवर एका नदीपासून दुसरीपर्यंत खणलेला खंदक आणि मागे मातीचा बांध. बाकी तिन्ही बाजूंना पाणी. कागदावर झकास. पण हिवाळ्यात पांढरी नाईल ओसरते. जानेवारीत पाणी खाली गेलं, बांधाच्या पश्चिम टोकाला चिखलाची पट्टी उघडी पडली, आणि २६ जानेवारी १८८५ च्या पहाटे महदीचे लोक तिथूनच आत आले. गॉर्डन मारला गेला, शहरात मोठी कत्तल झाली. मदतीच्या आगबोटी २८ तारखेला पोचल्या. राजवाड्यावर झेंडा दिसला नाही, तशाच परत फिरल्या.

जुना_सिव्हिल
चिखलाच्या पट्टीचं माहीत नव्हतं. तटबंदी टेकवताना नदीची उन्हाळी पातळी बघायची असते हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

फौजीची_लेक
सुदान ब्लॉकबद्दल थोडं. माझे आजोबा (आईचे वडील, साताऱ्याकडचे) मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, केरेनला लढलेले. केरेन सुदानात नाही, एरिट्रियात आहे. इटलीच्या फौजांनी १९४० मध्ये सीमेवरचं कसाला घेतलं होतं, सुदानात ब्रिटिशांकडे सैन्य नावापुरतं. मग भारताच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनने तिथून त्यांना मागे रेटलं आणि डोंगरातलं केरेन मार्च १९४१ च्या अखेरीस पडलं. बरीच माणसं कामी आली.

आजोबा लढाईबद्दल बोलत नसत. सुदानबद्दल एकच सांगायचे, 'हबूब'. दुपारी क्षितिजावर तांबडी भिंत उभी राहते, जवळ येते, आणि मग स्वतःचा हात दिसत नाही. शिधा, बंदूक, दातांच्या फटी, सगळीकडे माती. पुढे गावी वावटळ उठली की ते ओसरीवरून ओरडायचे, 'हबूब आला गं, वाळवण काढा.' आम्हाला तो आमच्याकडचाच शब्द वाटायचा. अरबी आहे हे कॉलेजात कळलं.

सिंहगडरोडवाला
@फौजीची_लेक, हे भाच्याला दाखवणार आहे. त्याच्या पाठांतरात वाळवण नव्हतं.

कट्टेकरी
प्रतिसाद आवडला. बाकी किडाभाऊ विरुद्ध सिव्हिल सामना बरोबरीत.

दोन्ही_काठ
मी गुजराती, वाढलो डोंबिवलीत, मराठी चुकली तर सांभाळून घ्या. माझ्या आजीचा जन्म ओमदुर्मानचा. सौराष्ट्रातले व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून लाल समुद्र ओलांडून सुदानात जात होते. आधी बंदर, मग कसाला, मग ओमदुर्मान. कापड न्यायचे, डिंक आणायचे. बाभळीच्या जातीच्या झाडाचा तो डिंक आजही जगात सर्वात जास्त सुदानातूनच येतो. तुम्ही पितात त्या कोल्ड्रिंकमध्ये असतो.

धाग्यात सगळे खार्टूमच्या मागे आहेत म्हणून ओमदुर्मानची बाजू मांडतो. महदी विजयानंतर पाच महिन्यांत वारला. त्याच्या जागी आलेल्या खलिफा अब्दुल्लाहीने राजधानी पश्चिम तीरावर नेली आणि खार्टूम रिकामं करायला लावलं. दारं, खिडक्या, तुळया, विटा, जे काढता येईल ते काढून बोटीत घालून ओमदुर्मानला. जुना_सिव्हिलसाहेब, तुमचे ढिगारे असे झाले. आणि दहाबारा वर्षं ओमदुर्मान हे प्रचंड मोठं शहर होतं, पश्चिमेकडून, दारफुरातून आलेल्या कुटुंबांनी भरलेलं. २ सप्टेंबर १८९८ ला शहराच्या उत्तरेला करारीला किचनेरच्या फौजेशी लढाई झाली. सकाळच्या काही तासांत दहा हजारांच्या वर सुदानी माणसं मशीनगनपुढे पडली. समोरच्या बाजूचे पन्नासही नाहीत. याला 'लढाई' म्हणायची आजीची तयारी नसे.

ब्रिटिशांनी कचेऱ्या खार्टूमला नेल्या, बाजार ओमदुर्मानलाच राहिला. आजीच्या आठवणीत खार्टूम म्हणजे 'कागद करायला जायची जागा'. शुक्रवारी संध्याकाळी हमद-अल-नीलच्या दर्ग्यापुढे हिरव्या-तांबड्या झग्यांतले दरवेशी गोल धरून झिक्र, म्हणजे देवाचं नामस्मरण, करायचे, तेवढ्यासाठी ती शेजारणींबरोबर जायची. चांगली वैष्णव घरातली बाई!

तिरकस
म्हणजे खार्टूम मंत्रालय आणि ओमदुर्मान दादर. कळलं.

विदा_द्या
तिन्ही शहरं मिळून १९५६ मध्ये लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास. २००८ च्या जनगणनेत खार्टूम राज्य ५२ लाखांच्या वर. वसवलं कोणी म्हणाल तर या फरकाने वसवलं. १९८३-८४ च्या दुष्काळात पश्चिमेकडून लोक आले, दक्षिणेतल्या युद्धातून लाखो आले, आणि शहराच्या कडेला रेतीत पोती-पुठ्ठ्यांची घरं उभी राहिली. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात वर्षभराच्या पावसाहून जास्त पाऊस झाला तेव्हा सर्वात आधी विरघळली ती यांचीच मातीची घरं. किचनेरच्या आखणीत ही माणसं नव्हतीच.

पाणीवाटप_समिती
तुम्ही लोक १९५९ च्या नाईल कराराबद्दल बोलत कसे नाही? इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५, आणि ज्या इथिओपियातून बहुतेक पाणी येतं त्याला शून्य! आता त्यांनी धरण बांधलं तर सगळे रडतायत. यावर आपल्याकडच्या लवादांनी

संपादक
पाणीवाटप, वेगळा धागा काढा. कृष्णा-कावेरी सुरू झालं की हा धागा आवरणार नाही.

वाळवंटी
विदा_द्यांच्या पुराच्या मुद्द्यावरून तुती आठवलं. संगमाच्या तोंडाशी बेट आहे. खार्टूम नव्हतं तेव्हापासून तिथे महस लोकांची वस्ती. मी गेलो तेव्हा बेटावर जायला फेरी होती, नंतर झुलता पूल झाला. एका बाजूला पंचतारांकित हॉटेल (लिबियाच्या पैशाने बांधलेलं, अंड्याच्या आकाराचं, लोक त्याला गद्दाफीचं अंडं म्हणायचे) आणि पाण्यापलीकडे लिंबाच्या बागा, गाढवं, भाजीचे वाफे.

तुतीवाल्यांची पुराची व्यवस्था बघण्यासारखी. पाणी चढायला लागलं की काठाने ठरलेल्या जागांवर पहारे बसतात. एका ठिकाणी बांध फुटायला आला की इशारा जातो आणि घरटी माणसं पोती, फांद्या, माती घेऊन धावतात. सरकारची वाट कोणी बघत नाही. २०२० मध्ये निळी नाईल १७.५ मीटरच्या वर गेली, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतकी चढली नव्हती. तेव्हा मित्राने पाठवलेल्या व्हिडिओत प्राध्यापक, रक्शावाले, शाळकरी पोरं एका रांगेत पोती देत होती.

इतिहासाचा_किडा
वाळवंटींनी तुती काढलंत ते बरं केलंत, आता मलाच माझ्या पहिल्या प्रतिसादातलं 'सोपं उत्तर' मागे घ्यावं लागेल. अजून मागे जाऊ. खार्टूमपासून निळ्या नाईलने वीसेक किलोमीटर वर सोबा नावाची जागा आहे. मध्ययुगात अल्वा या ख्रिस्ती राज्याची राजधानी. चर्च, विटांच्या इमारती. १५०० च्या सुमारास ते राज्य मोडलं. आणि खुर्शिद पाशाच्या काळात खार्टूम बांधायला निघाले तेव्हा भाजलेल्या विटा आणल्या कुठून? सोब्याचे अवशेष खणून. प्रवाशांनी तसं लिहून ठेवलंय.

म्हणजे सोब्याच्या विटा खार्टूमला, आणि दोन्ही_काठ म्हणतात तसं खार्टूमच्या ओमदुर्मानला.

जुना_सिव्हिल
आणि मूळ वीट नदीच्या गाळाची. पूर ओसरला की काठावरचा गाळ कापून त्यात शेण घालून विटा पाडतात, भट्ट्या काठावरच. वाळवंटी, अजून आहेत का त्या?

बाकी किडाभाऊ, मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. आखणी म्हणजे आखणी. पण एक गंमत सांगतो. करारीनंतर किचनेरने गॉर्डनच्या नावाने कॉलेज काढायला इंग्लंडात वर्गणी मागितली, ती एक लाख पौंडांची. १९०२ मध्ये ते उघडलं, स्वातंत्र्यानंतर खार्टूम विद्यापीठ झालं. सुदानने आपल्याला दिलेला आकडाही एक लाख. गॉर्डनचा उंटावरचा पुतळा मात्र १९५८ मध्ये काढून इंग्लंडला परत पाठवला.

फौजीची_लेक
उंटासकट?

जुना_सिव्हिल
उंटासकट. आता एका शाळेत उभा आहे.

विदा_द्या
भारताशी अजून एक दुवा. सुदानची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५३ मध्ये घेतली ती सुकुमार सेन यांनी, आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. १ जानेवारी १९५६ ला देश स्वतंत्र झाला.

सिंहगडरोडवाला
मी विचारलं काय आणि मिळालं काय! एक मात्र राहिलं. १५ एप्रिल २०२३ ला तिथे लष्कर आणि निमलष्करी दलात युद्ध पेटलं, ते थेट शहराच्या मध्यात. वाळवंटी, तुमचे ते मित्र ठीक आहेत ना? आणि दोन्ही_काठ, तुमचं कोणी?

दोन्ही_काठ
मामांचं घर ओमदुर्मानला होतं. भारतीयांना बाहेर काढणाऱ्या ऑपरेशन कावेरीत निघाले. बसने पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दा, मग विमान. एक बॅग. मामी देवघरातला बाळकृष्ण पदरात बांधून आली. दुकानाच्या चाव्या मामा अजून रोज खिशात घालतात, इथे बोरिवलीत.

वाळवंटी
मित्र कैरोला होता, दोन वर्षं. लष्कराने मार्च २०२५ मध्ये राजवाडा परत घेतला, मे महिन्यात खार्टूम राज्य मोकळं केल्याचं जाहीर केलं, त्यानंतर काही महिन्यांनी तो घर बघायला गेला. फोनवर बोललो. म्हणाला, दारं नाहीत, चौकटी नाहीत, पंखे नाहीत. भिंती फोडून आतली तांब्याची वायर ओढून नेलीय. नळसुद्धा. मी त्याला किडाभाऊंचा विटांचा प्रतिसाद वाचून दाखवला, जमेल तसा अरबीत. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'विटा आहेत. बाकी सगळं नेलं, विटा सोडल्या.'

@जुना_सिव्हिल, भट्ट्यांचं त्याला विचारलं. त्याच्या भागात पुन्हा धूर दिसायला लागलाय म्हणाला.

भाकरतुकडा
काका, त्या पीठ आंबवण्याचं माप मिळेल का? आजी विचारतेय. आणि तवा लोखंडी की बिडाचा?

तिरकस
आला. धागा शेवटी स्वयंपाकघरात आला.